पोळा ते पोळा: किराण्याच्या हिशेबाचे एक वर्ष

२ सप्टेंबर २०२४ रोजी पोळा होता. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणायला मी गावातल्या किराणा दुकानात गेले, तेव्हा दुकानदार काकांनी सामान बांधण्याआधी लाल पुठ्ठ्याची चोपडी उघडून माझ्यासमोर ठेवली आणि आमच्या पानावर बोट टेकवून म्हटले, "सूनबाई, हे एकदा पाहून घ्या." पानाच्या तळाशी २३,६४० रुपये बाकी लिहिलेली होती. ते रागावले नव्हते. मागे उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाजही खाली आणला होता. तरीही सणाचे सामान घेऊन घरी येताना माझे पाय जड झाले होते.

आमचे घर वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. सासू, सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे, साडेचार एकर कोरडवाहू शेती आणि एक म्हैस. शेतात कापूस, तूर आणि सोयाबीन असते, त्यामुळे हातात पैसा येतो तो दसऱ्यापासून होळीपर्यंत, चूल मात्र बाराही महिने पेटते. मधले महिने दुकानातल्या चोपडीवरच निघतात आणि माल विकला की ती बाकी चुकती करायची, ही रीत सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेली. महिन्याचा किराणा ठरावीक रकमेत बसवायचा, असे मी ठरवले तेव्हा हे पगारदार माणसांचे काम आहे, शेतकऱ्याच्या घरात ते जमत नाही, असे मला बहुतेकांनी सांगितले. आमच्या बचत गटातल्या काही जणी मात्र आता विचारतात की तुम्ही नेमके काय केले, म्हणून चुकांसकट सगळे लिहून ठेवत आहे.

सप्टेंबर महिन्यात मी काहीच कमी केले नाही. शंभर पानी वही घेतली आणि घरात जे सामान आले ते वजन, भाव आणि तारखेसह लिहीत गेले. पहिले आठ-दहा दिवस रोज काही ना काही लिहायचे राहून जात असे, म्हणून वही चहाच्या डब्याखाली ठेवली, कारण त्या डब्याला दिवसातून चार वेळा हात लागतोच. पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या एकाच महिन्यात आल्या होत्या. त्या गणपतीला रेशन दुकानातून शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर सोयाबीन तेल असा आनंदाचा शिधा मिळाला, तो धरूनही महिन्याची बेरीज ८,१२० रुपये झाली. सणाचा महिना असल्याने ती थोडी फुगलेली होती, हे खरे. पण त्या बेरजेत दोन गोष्टी अशा होत्या, ज्या वही नसती तर मला कधीच दिसल्या नसत्या. मुले दुकानातून चोपडीवर आणत असलेल्या कुरकुऱ्याच्या आणि बिस्किटांच्या पुड्यांचे १,१४० रुपये झाले होते. पाच-पाच, दहा-दहा रुपयांचे ते सामान मी कधी खर्चात धरलेच नव्हते. दुसरी गोष्ट तुरीच्या डाळीची. १६५ रुपये भावाने आठ किलो डाळ आम्ही विकत आणली होती आणि तिचे १,३२० रुपये झाले होते. ज्यांच्या शेतात तूर पिकते, त्यांच्या घरातली ही गोष्ट होती.

त्याच महिन्यात तेल महागले. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि रिफाइंड तेलावरचे साडेबारावरून साडेबत्तीस टक्के. आमच्या दुकानात ११५ रुपयांना मिळणारा सोयाबीन तेलाचा पुडा दसऱ्यापर्यंत १३८ रुपयांवर गेला. तेल महागले की सोयाबीनलाही भाव येईल, अशी घरात सर्वांना आशा होती. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण ऑक्टोबरच्या मध्यात आमचे नऊ क्विंटल व्यापाऱ्याने ४,१५० रुपयांनी नेले. ही गोष्ट मला अजूनही सलते. तेलाच्या पुड्यांबाबत एक सांगते: पुड्यावरची किंमत पाहण्याआधी वजन वाचावे. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. मी पाच रुपयांनी स्वस्त म्हणून दोन महिने जो पुडा आणत होते, त्यावर बारीक अक्षरात ८५० ग्रॅम लिहिलेले होते.

सोयाबीनच्या पैशातून १२,००० रुपये दुकानात भरले आणि ११,६४० रुपये बाकी राहिली. त्या दिवशी मी काकांना विनंती केली की यापुढे आमच्या नावावर काही लिहू नका, मुलांना पाठवले तरी नाही. त्यांना ते थोडे लागले असावे, असे मला वाटले. उधारीवर त्यांनी आम्हाला कित्येक पावसाळे सांभाळले आहे, हे मी विसरलेले नाही. पण चोपडीत 'किराणा ३४०' एवढेच लिहिलेले असते, कशाचा भाव काय लागला ते नसते. रोखीने घ्यायला लागल्यावर मला साखरेत दोन आणि शेंगदाण्यात सहा रुपयांचा फरक दिसला. उधारी देणाऱ्याचाही पैसा अडकतो, त्यामुळे त्यांचेही बरोबरच आहे. फक्त आपण किती देतो हे आपल्याला कळले पाहिजे.

दिवाळी आटोपल्यावर १० नोव्हेंबरपासून मी महिन्याची रक्कम ४,५०० रुपये ठरवली. ती मनाने काढलेली नव्हती. दुधाचा हिशेब दर दहा दिवसांनी मिळतो आणि म्हशीच्या ढेप-सरकीचा खर्च वजा जाता महिन्याला तीन हजारांच्या आसपास उरतात. त्यात लाडकी बहीण योजनेचे माझे १,५०० रुपये मिळवले की साडेचार हजार होतात. घरात दर महिन्याला नक्की येणारा पैसा तेवढाच होता. योजनेचा हप्ता कोणत्या दिवशी जमा होईल ते ठरलेले नसते, म्हणून पहिल्या दहा दिवसांचे सामान दुधाच्या पैशातच आणायचे, अशी सवय लावून घेतली. पैसे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने कागद चिकटवून त्यावर शिल्लक लिहायला सुरुवात केली.

पहिल्याच महिन्यात २४ तारखेला डबा रिकामा झाला. सोमवारच्या आठवडी बाजारातला भाजीपाला मी वेगळा धरलाच नव्हता, आणि माहेरची चार माणसे तीन दिवस मुक्कामाला होती. गटातून ७०० रुपये महिना दोन टक्के व्याजाने घेतले. त्या रात्री मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हटले की पाहुण्यांना दोनदाऐवजी एकदाच चहा केला तर चालेल का. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आलेल्या माणसाले चहाचं बी विचाराचं नाही का आता? गरिबी पाहिली आम्ही, पण दारातून कोणाले तसं नाही धाडलं." त्यांचे बोलणे मला पटले. मी काटकसर चुकीच्या जागी शोधत होते. त्यानंतर महिन्याच्या रकमेतले ३०० रुपये पाहुण्यांसाठी म्हणून आधीच बाजूला ठेवू लागले. ते उरले तर पुढच्या महिन्यात जातात, पण चहासाठी पुन्हा कधी कोणाशी बोलावे लागले नाही.

डिसेंबरमधली चूक मोठी होती. घाऊक घेतले की स्वस्त पडते, या समजुतीने २ डिसेंबरला मी तेलाचा १५ किलोचा डबा २,१५० रुपयांना आणला. सुट्या पुड्यांच्या हिशेबाने सव्वाशे रुपये वाचले, पण महिन्याची अर्धी रक्कम एकाच वस्तूत अडकली आणि उरलेल्या सामानासाठी पुन्हा ओढाताण झाली. शिवाय डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. आमच्या वापराने तो सत्तर दिवस पुरायला हवा होता, पण २२ जानेवारीलाच संपला. भजी, वडे, पुऱ्या असे त्या दिवसांत जरा जास्तच झाले होते. तेव्हापासून दर सोमवारी ठरलेले दोन पुडे आणते, ते चिंचोळ्या तोंडाच्या बरणीत ओतते, आणि शुक्रवारी बरणीत किती उरले ते पाहून शनिवार-रविवारची भाजी ठरवते.

याच दरम्यान रेशनचे काम हाती घेतले. आमची शिधापत्रिका केशरी आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि मराठवाड्यातील आठ अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी रोख रक्कम खात्यात मिळते. ती आधी दरमहा १५० रुपये होती, जून २०२४ मध्ये १७० झाली. आमच्या गावात कित्येकांना ती मिळत होती आणि आमच्या घरी एकदाही आली नव्हती. १६ डिसेंबरला मी तालुक्याच्या पुरवठा शाखेत गेले. सोमवार असल्याने बाजारासोबत काम होईल असे वाटले होते, पण बाजाराच्या दिवशी सगळ्या तालुक्याने तोच विचार केलेला असतो. तीन तास उभे राहून खिडकीवर एवढेच कळले की अर्ज भरलेला नाही आणि धाकट्या मुलाचे नावही शिधापत्रिकेवर नाही. तेथे जायचे असेल तर मंगळवार किंवा बुधवार निवडावा.

७ जानेवारीला आत्याबाईंना सोबत घेऊन गेले, कारण ही रक्कम घरातल्या ज्या स्त्रीचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून असते तिच्या खात्यात जमा होते. अर्जासोबत शिधापत्रिकेच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, त्यांच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि सर्वांच्या आधार कार्डांच्या प्रती दिल्या. मुलाचे नाव वाढवण्यासाठी जन्माचा दाखला जोडला. दोन्ही अर्जांची पोच घेतली. ती घ्यायला विसरू नये. पुढे दोनदा त्या पोचेवरच्या तारखेमुळे आमचा अर्ज सापडला.

अडचण नंतर आली. बँकेत आत्याबाईंचे खाते आधारशी जोडलेले नव्हते, आणि जोडायला गेल्यावर त्यांचा अंगठा यंत्रावर उमटेना. अंगठा, मग तर्जनी, मग डावा हात असे सहा वेळा झाले. कर्मचाऱ्याने ओल्या फडक्याने बोटे पुसून पाहिली, त्यांनी स्वतः पदराला घासून पाहिली. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला तेव्हा बोटांच्या टोकांवर रेघा अशा राहिलेल्याच नव्हत्या. पऱ्हाटीच्या बोंडांनी चिरून, भरून, पुन्हा चिरून कातडी गुळगुळीत आणि टणक झाली होती. चाळीस वर्षे कापूस वेचलेला तो हात होता. त्या मात्र आपलीच चूक झाल्यासारख्या ओशाळून हसत होत्या. मला तेव्हा रडू आवरले नाही.

९ जानेवारीला आधार केंद्रावर बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्याने दिले, त्याचे १०० रुपये लागले. नोंद व्हायला अकरा दिवस गेले. २४ जानेवारीला बँकेत खाते जोडले गेले. ज्यांच्या घरी वेचणीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांनी हे काम वेचणीचा हंगाम संपल्यावर, बोटे जरा भरून आल्यावर करावे. आणि जाण्याआधी आठ दिवस रात्री हाताला खोबरेल लावावे, हे मला आधार केंद्रावरच्या मुलीने सांगितले. चार फेऱ्यांचा खर्च एसटीच्या अर्ध्या तिकिटामुळे २८० रुपयांत भागला. आधारचे शंभर आणि झेरॉक्स धरून एकूण ४२० रुपये झाले. १८ मार्चला आत्याबाईंच्या खात्यात तीन महिन्यांचे मिळून २,५५० रुपये आले. मुलाचे नाव लागायला त्यानंतर आणखी दोन महिने गेले.

जानेवारीच्या शेवटी कापूस विकून दुकानात ८,००० रुपये भरले होते आणि ३,६४० उरले होते. आत्याबाईंनी खात्यात आलेली सगळी रक्कम काढून माझ्या हातात ठेवली आणि तीही दुकानात भरायला सांगितली. १,०९० रुपये बाकी राहिली.

या सगळ्यापेक्षा मोठा फरक पडला तो तुरीने. दर वर्षी आमची तूर खळ्यावरून थेट बाजारात जात असे आणि घरात डाळ दुकानातून येत असे. या वेळी मी ६० किलो तूर घरी ठेवायचा हट्ट धरला. यांना ते पटत नव्हते, कारण त्या वेळी बँकेचा हप्ता तोंडावर होता. मग आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. बाजारात तुरीला ७,१०० रुपये भाव होता, म्हणजे ६० किलोचे ४,२६० रुपये. शेजारच्या गावात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाल मिल एका गटाने बसवलेली आहे, तेथे किलोमागे आठ रुपये, म्हणजे ४८० रुपये लागले. ४२ किलो डाळ निघाली, ती किलोला ११३ रुपयांना पडली. दुकानात तेव्हा १३५ चा भाव होता. शिवाय चुनी म्हशीला झाली, ती वेगळीच. डाळीला एरंडेलाचा हात लावून, उन्हात वाळवून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसह कोठीत भरली. या पोळ्यापर्यंत तिला कीड लागलेली नाही.

तेथून माझ्या लक्षात आले की आमच्यासारख्या घरात दोन हिशेब लागतात, सालाचा आणि महिन्याचा, आणि ते एकमेकांत मिसळले की दोन्ही बिघडतात. मार्च-एप्रिलमध्ये कापसाच्या पैशातून सालाचे सामान भरले. गहू तीन क्विंटल ८,५५० रुपयांचा, तांदूळ दीड क्विंटल ७,८०० रुपयांचा, आणि लाल मिरची, हळद, धने, कांडपाची मजुरी मिळून २,३१० रुपये. तांदूळ आम्ही एचएमटी खातो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेले ते वाण आमच्याकडे घराघरांत आहे, आणि एका छोट्या शेतकऱ्याने हे काम केले याचे मला फार अप्रूप वाटते. तूर धरून सालाची बेरीज २३,४०० रुपये झाली, म्हणजे महिन्याला १,९५०. त्यामुळे आमचा खरा महिना साडेचार हजारांचा नसून ६,४५० रुपयांचा आहे. कोणी साडेचार हजारांत सहा माणसांचा किराणा होतो असे सांगितले, तर त्याने धान्य कुठे धरले आहे ते आधी विचारावे. मीही सुरुवातीला गटात चुकीचाच आकडा सांगितला होता आणि नंतर दुरुस्त केला.

मे महिन्यात पुन्हा तोल गेला. लग्ने, आहेर, सुट्टीला आलेली नणंदेची मुले, आणि ५,९३० रुपये खर्च झाले. नोव्हेंबर ते ऑगस्ट या दहा महिन्यांत नोव्हेंबर, डिसेंबर आणि मे असे तीन महिने हाताबाहेर गेले. मेमधला खर्च टाळण्यासारखा होता असे मला आजही वाटत नाही. पुढच्या वर्षी मेची रक्कमच एक हजाराने वाढवून धरणार आहे आणि ते पैसे जानेवारीपासून थोडे थोडे बाजूला काढणार आहे.

जूनमध्ये पहिली पेरणी मोडली. पाऊस मे महिन्यातच पडून गेला होता आणि नंतर त्याने ओढ दिली. दुबार पेरणीला कापसाच्या बियाण्याची दोन पाकिटे कमी पडली. एका पाकिटाची किंमत ९०१ रुपये, आणि घरात रोख पैसा होता तो फक्त किराण्याच्या डब्यात. यांनी मला विचारले, आणि मी डबा पुढे केला. त्यांनी १,८०२ रुपये मोजून घेतले आणि माझ्याकडून वही मागून त्या दिवसाच्या तारखेसमोर स्वतःच्या अक्षरात 'बियाणे १,८०२' असे लिहिले. वहीत त्यांनी लिहिलेली ती पहिली ओळ होती. पूर्वी त्या दिवशी चोपडीवर सामान आले असते. या वेळी २,६९८ रुपयांत महिना काढायचा होता आणि तो निघाला, कारण कोठीत गहू, तांदूळ, डाळ आणि तिखट होते. सोमवारचे दोन बाजार केले नाहीत. बांधावरचा तरोटा आणि घोळ यांची भाजी, जवसाची चटणी, बेसन-भाकर, कढी, वरणभात यावर दिवस गेले. मुले दहा दिवसांनी कुरकुर करू लागली, तेव्हा पाहुण्यांच्या पैशातून एकदा पोहे आणि शेंगदाणे आणले. तरोटा कोवळा असेपर्यंतच खाता येतो. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत तोडला तर बरा, मग तो कडवट होतो.

जुलैमध्ये उरलेले १,०९० रुपये दुकानात भरले. काकांनी आमच्या पानावर तिरपी रेघ ओढली आणि खाली तारीख टाकली.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी पोळा आला. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची आणि बैलांच्या साजासाठी लागणारे किरकोळ सामान मिळून ३८६ रुपये झाले. काकांचा हात सवयीने चोपडीकडे गेला आणि त्यांनी विचारले, "लिहू का?" मी पैसे काढून पुढे ठेवले. घरी येऊन पुरण शिजत घातले आणि वही काढली. ३८६ लिहून वही बंद करत होते, तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "शेजारची सकाळी वाटीभर साखर घेऊन गेली, मी दिली. थे बी लिही."